‘येस शेफ’ आणि ‘ए बारक्या’

गेल्या गणपतीत बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या घरी बहिणीनं स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, दह्याचं पातेलं आण बघू." भाचा सोफ्यावरून उठला, ताठ उभा राहिला आणि ओरडला, "येस शेफ!"

"काय म्हणालास रे? शिवी बिवी दिलास काय?"

"शिवी नव्हे मम्मी, रिस्पेक्ट हाय तो."

"असू दे रिस्पेक्ट. खरं दही कुठं हाय?"

दही आलं नाही. भाचा हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्यानं निळा एप्रन मागवलाय, तंग पांढरे टी-शर्ट घेतलेत, हातावर सुरीचं चित्र गोंदवून घ्यायचा बेत आहे. हे सगळं ‘द बेअर’ नावाच्या अमेरिकन मालिकेतून आलेलं. "मामा, बघून तर बघ, भटारखाना काय असतो ते कळतंय," असं तो मला म्हणाला. मला! ज्याची बाराव्या वर्षातली उन्हाळ्याची सुट्टी निपाणी स्टँडच्या मागच्या एका खानावळीच्या मोरीवर गेली, त्याला हा पोरगा शिकागोचा भटारखाना दाखवणार होता. बघितली. चार रात्री जागून बघितली. आणि आता मला जे म्हणायचंय ते त्याला जेवणाच्या पंगतीत म्हणता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मालिका चांगली आहे, हे आधी कबूल करतो. ख्रिस्तोफर स्टोररनं २०२२ साली ती आणली. थोरल्या भावानं आत्महत्या केलेली, मागं कर्जात बुडालेलं सँडविचचं दुकान, आणि जगातल्या नामांकित हॉटेलांत राबून आलेला धाकटा भाऊ कार्मी ते चालवायला परत येतो. २०२४ साली दुसऱ्या पर्वाला ११ एमी पुरस्कार मिळाले. एका वर्षात एवढे पुरस्कार तोवर कुठल्याच विनोदी मालिकेला मिळाले नव्हते. हो, विनोदी. माणसं रडतात, एकमेकांच्या अंगावर धावतात, एकाच्या कुल्ल्यात सुरी घुसते, आणि बक्षीस देणारे त्याला विनोदी म्हणतात. हे मात्र मला पटलं. गल्ल्यावर बसलेल्या माणसाला भटारखाना विनोदीच वाटत असतो.

पहिल्या पर्वाच्या सातव्या भागाची सगळे तारीफ करतात. बहुतेक भाग एका अखंड शॉटमध्ये घेतलेला. आगाऊ ऑर्डरची सोय चुकून चालू राहते आणि यंत्रातून चिठ्ठ्यांची माळ बाहेर पडत राहते, थांबतच नाही. कार्मी किंचाळतो, पोरांना नाही नाही ते बोलतो, एका पोरानं दिवसदिवस राबून जमवलेला डोनट हातातून उडवून देतो. बघताना छाती धडधडते. भाचा त्या भागाला ‘आर्ट’ म्हणतो. मी ती चिठ्ठ्यांची माळ बघत होतो आणि माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: एवढ्या ऑर्डरींना माणसं किती?

१९८४ चा उन्हाळा. खानावळीचं नाव लिहीत नाही, मालक कधीच गेले. दोन भट्ट्या, एक भुशाची शेगडी, पत्र्याचं छप्पर. बाजाराच्या दिवशी ताटांची रांग संपायची नाही. आत एक मास्तर, एक सप्लायर, भाकरी थापायला दोन बायका आणि मी. मला नाव नव्हतं. ‘ए बारक्या’ एवढंच. माझ्या आधीच्या पोराचंही नाव बारक्याच होतं आणि माझ्यानंतरच्याचंही. बायकांना भाकरीच्या शेकड्यावर दर होता. त्यातली एक सकाळी तंबाखूच्या वखारीत असायची आणि संध्याकाळी आमच्या तव्यापुढं. तिच्या हाताला तंबाखूचा वास येतो अशी गिऱ्हाइकाची तक्रार आली, म्हणून मालक तिला अर्धं लिंबू हाताला चोळायला लावायचे. ते अर्धं लिंबू हिशोबात धरायचे.

एका बाजाराच्या दिवशी रश्श्याचं भगुलं उचलताना माझा तोल गेला. मास्तरनं झाऱ्यानं मनगटावर मारलं. झारा तेलातून काढलेला होता. खूण अजून आहे, भाच्याला दाखवली तर म्हणाला, "कूल."

त्या मास्तराबद्दल मला आजही राग नाही. तो पहाटे चारला भट्टी पेटवायचा आणि रात्री अकराला विझवायचा. त्याला लहानपणाचं दुःख होतं की नाही, मला माहीत नाही. त्याची आई सणाच्या जेवणात घरात मोटार घुसवायची नाही, तशी कार्मीची घुसवते. त्या मास्तराला आणखी एक माणूस हवा होता, बस्स. मालकाच्या हिशोबात तो माणूस मी होतो. मला पगार नव्हता, दोन वेळचं जेवण होतं.

भटारखान्यातला ताप कमी माणसांचा असतो. दहा माणसांचं काम चार माणसांकडून करून घेतलं की आरडाओरडा होणारच, भांडी आपटणारच, कोणीतरी भाजणारच. हा साधा वजाबाकीचा ताप आहे. आणि ‘द बेअर’ची सगळी करामत अशी की ती या वजाबाकीला आत्म्याची जखम करून टाकते. कार्मी ओरडतो कारण त्याचा भाऊ गेला, कारण आधीच्या शेफनं त्याला छळलं, कारण तो फार प्रतिभावान आहे. ओरडा ज्याच्यावर पडतो त्याचा हिशोब कोण बघणार? कॅमेरा कार्मीच्या डोळ्यांत पाणी शोधत असतो.

मालिका आंधळी नाही, हेही सांगायला हवं. कार्मीच्या कानाशी लागून विषारी बोलणारा तो जुना शेफ तिनं राक्षसासारखाच दाखवलाय. टीना नावाची तव्यावरची बाई पन्नाशीकडे झुकलेली असताना नव्यानं शिकते, तिच्या वाट्याला एक अख्खा भाग आलाय, आणि तो भाग मालिकेतला सगळ्यात खरा आहे, कारण त्यात बाई नोकरी शोधत फिरते. पण कर्जाचं काय होतं? पहिल्या पर्वाच्या शेवटी टोमॅटोच्या डब्यांत नोटांच्या गुंडाळ्या सापडतात. भावानं लपवून ठेवलेल्या! आठ भाग तुम्ही आमचा श्वास कोंडता आणि शेवटी डबा फोडून पैसे काढता? आमच्याकडे टोमॅटो डब्यात येत नाहीत, क्रेटमध्ये येतात, त्यामुळे ही सोयसुद्धा नाही. बेळगावच्या मार्केटमधून आणलेल्या क्रेटच्या तळाशी फार तर नासका टोमॅटो सापडेल, आणि त्याचे पैसे आणणाऱ्या पोराच्या पगारातून जातील.

हे ‘येस शेफ’ प्रकरण आलं कुठून, तेही भाच्याला माहीत नव्हतं. ऑग्युस्त एस्कॉफिए नावाचा फ्रेंच आचारी १८७० च्या युद्धात फौजेत स्वयंपाक करत होता. पुढं लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात त्यानं भटारखान्याची पलटण केली: वर सेनापती, खाली नायक, त्याखाली शिपाई. हुकूम आला की ‘हो साहेब’. मोठा माणूस, त्याच्या पाककृती आजही शिकवतात. १८९८ साली त्याच सॅव्हॉयनं त्याला काढून टाकलं, पुरवठादारांकडून टक्का घेतल्याच्या ठपक्यावरून, आणि पुढं त्यानं तो कबूलही केला. म्हणजे भाजीवाल्याकडून दलाली खाणारा हेडकुक ही काही आमच्या खडे बाजाराची पैदास नाही. हे पुस्तकात शिकवत नसावेत.

दुसऱ्या पर्वात मार्कस नावाचा पोरगा गोडाधोडाचं शिकायला कोपनहेगनला जातो. निळं आकाश, शांत पाणी, चिमट्यानं पानावर ठेवलेली पाकळी. त्याच कोपनहेगनातलं ‘नोमा’ हे जगभर गाजलेलं हॉटेल. तिथं शिकाऊ पोरं वर्षानुवर्षं फुकट राबत होती. त्यांना पगार सुरू झाला २०२२ च्या ऑक्टोबरात. आणि २०२३ च्या जानेवारीत मालक रेने रेडझेपीनं जाहीर केलं की असं हॉटेल चालवणं आता झेपण्यासारखं नाही. पगार द्यायला लागल्यावर तीन महिन्यांत परवडेनासं झालं! मी याहून जास्त काही म्हणत नाही. निपाणीच्या मालकांनासुद्धा बारक्याला पगार द्यावा लागला असता तर परवडलं नसतं. फरक इतकाच की त्यांच्या ताटात पाकळी नव्हती, खर्डा होता.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेच्या मालिकेवर एवढी आग पाखडण्यापेक्षा आपल्या मालिकांकडे बघा की. बघतो. मराठी मालिकेत स्वयंपाकघराशिवाय एक दिवस जात नाही, आणि तिथं कोणी स्वयंपाक करत नाही. ते कट शिजवायचं ठिकाण आहे. ओट्यावर एक कोथिंबिरीची जुडी असते, सून ती दोन आठवडे निवडत असते. दुधात काय मिसळलं हे तीन बाजूंनी तीनदा दिसतं, पण भांडी कोण घासतं हे वीस वर्षांत दिसलेलं नाही. ‘होणार सून मी ह्या घरची’ आठवते? अख्ख्या महाराष्ट्रानं बघितली, आमच्या सीमाभागानंही. ‘गोखले गृहउद्योग’ हा त्या घराचा धंदा. श्री आणि सहा आया यांच्या डोळ्यांतलं पाणी मी भरपूर बघितलं. चुलीपुढं बसून घामानं निथळत लाडू वळणारी एक बाई मला आठवत नाही. लाडू आपोआप व्हायचे, संस्कारांसारखे.

म्हणून भाच्याचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो: शिकागोवाल्यांनी निदान कॅमेरा गल्ल्याच्या मागं नेला. आम्ही तेवढंही केलं नाही. आम्ही पाटीपुढंच उभे राहिलो.

पाटीवरून आठवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून आम्ही भांडतोय, आणि भांडायला कारण आहे, मी काही त्यातून अंग काढून घेणारा माणूस नाही. १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत मीही चाललोय. पण हॉटेलच्या बाबतीत आमचं सगळं भांडण दर्शनी पाटीवर संपतं. पाटी मराठीत का कन्नडमध्ये, अक्षरं किती मोठी, वर कोण, खाली कोण. २०२४ मध्ये कर्नाटकानं कायदाच केला की पाटीवर ६० टक्के कन्नड हवं. आमच्या गल्लीतल्या खानावळवाल्यानं पेंटर बोलावला, मोजपट्टी लावून पाटी रंगवून घेतली. अधिकारी आले, पाटी मोजली, गेले. आमचे कार्यकर्ते आले, पाटीचा फोटो काढला, निषेध केला, चहा घेतला, गेले. आत मोरीवर जो पोरगा कपबशा धूत होता त्याच्याकडे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही. पोरगा ओडिशाचा होता. त्याला मराठी येत नव्हती आणि कन्नडही नाही.

आणि भाषेचंच म्हणाल तर भटारखान्यानं हा वाद कधीच मिटवलाय. शिकागोत मागून जाताना ‘बिहाइंड’, वळणावर ‘कॉर्नर’ म्हणून ओरडतात. भाचा तेही आमच्या माजघरात ओरडतो. आमच्या खानावळीत गरम भगुलं घेऊन निघालेला माणूस ‘सरी सरी, बिसी बिसी’ म्हणायचा. बिसी म्हणजे गरम, हे कन्नड. आणि सरी? बाजूला व्हा. ते कन्नडही आहे आणि मराठीतल्या ‘सर, सर’ला लागूनही आहे. भाजायची वेळ आली की सीमावादावरचा महाजन आयोग कुणी वाचत नाही. उडप्याच्या हॉटेलात तुळू, सावजीच्या खानावळीत सावजींची घरची बोली, तव्यावर कन्नड, गल्ल्यावर मराठी, मोरीवर आता ओडिया नाही तर नेपाळी. पाटीला मात्र टक्के लागतात.

डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटकाच्या विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. बेळगावातली लॉजं भरतात, आमदारांच्या ताटात काय काय होतं याच्या बातम्या येतात, आम्ही आमचा महामेळावा भरवायला बघतो, पोलीस अडवतात, कोगनोळीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या नेत्यांना परत पाठवतात. २०२२ च्या डिसेंबरात तर हिरेबागेवाडीच्या नाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगड पडले, दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या. तेव्हा दोन्ही भाषांच्या वाहिन्यांनी महामार्ग दाखवला, महामार्गाकडेच्या हॉटेलांच्या पाट्याही मागं दिसल्या. त्या हॉटेलांत गिऱ्हाईक नाही म्हणून ज्या पोरांना बिनपगारी घरी बसवलं, ती कुठल्याच भाषेच्या बातमीत आली नाहीत.

याच महामार्गावर निपाणीजवळ १९८१ साली तंबाखूचे शेतकरी शरद जोशींबरोबर भाव मागायला बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ जण मेले. आज त्याच रस्त्याच्या कडेला ‘फॅमिली रेस्टॉरंट’ची माळ आहे, आणि आत पोरं कुठलाही भाव न मागता राबतात. त्यातल्या एका मालकाशी मध्यंतरी बोलणं झालं. सज्जन माणूस, पोरगा बंगळुरात शिकतो. पोरानं त्यांना ‘द बेअर’ची रील दाखवली. तेव्हापासून त्यांच्या भटारखान्यात सगळ्यांनी ‘येस शेफ’ म्हणायचं असा नियम झालाय. हजेरीच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ दाखवून ते सांगतात की एकेक सेकंद मोलाचा आहे. तेही मालिकेतल्या पाटीवरचंच. मी विचारलं, सेकंद मोलाचा, मग ओव्हरटाइमचा दर काय? ते हसले. "सर, तुम्ही जुन्या काळातले. आता पॅशन लागतंय."

पॅशन! माझ्या निपाणीच्या मालकांना हा शब्द ठाऊक असता तर त्यांनी लिंबाचे पैसेसुद्धा पॅशनमध्ये धरले असते. बघा, हीच ती चाल. पूर्वी मालक ओरडला की तो नुसता ओरडणारा मालक असायचा, आम्ही मोरीवर त्याला मनातल्या मनात शिव्या घालायचो आणि शिव्या घालायला मोकळे असायचो. आता ओरडणारा कलावंत झाला. त्याला जखमा आहेत. त्याच्यावर रागावणं म्हणजे कला न कळणं. बारक्याच्या तोंडून शिवीसुद्धा काढून घेतली आणि बदल्यात ‘येस शेफ’ दिलं.

आणि कामाच्या जागेवरचा ताप पडद्यावर कसा दाखवावा याचा धडा शिकागोहून आणायची गरज नव्हती. तो निपाणीतच होता. १९८२ मध्ये दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यामागचे नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ गटानं निपाणीच्या तंबाखू कारखान्यांतल्या बायकांबरोबर एक चित्रपट केला: ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. त्याआधी पुण्याच्या घरकामगार बायकांवर त्यांनी ‘मोलकरीण’ केला होता. निपाणीचा चित्रपट जेमतेम पंचवीस मिनिटांचा, काळा-पांढरा. कोंदट कारखाना, तंबाखूची धूळ, तोंडाला फडकं बांधलेल्या बायका, आणि त्याच बायका आपण एकत्र कशा आलो, संघटना कशी बांधली, संप कसा केला, हे आपल्या मराठीत सांगतात. घडलेले प्रसंग कॅमेऱ्यापुढं पुन्हा उभे करतात. मालकाचं बालपण कसं गेलं याबद्दल त्यात एक चकार शब्द नाही. टोमॅटोचा डबाही नाही. पैसे वाढवून हवे असले तर काय करावं लागतं, ते त्यात आहे.

तो चित्रपट मी पन्नाशी ओलांडल्यावर पहिल्यांदा पाहिला, तोही बर्लिनच्या ‘आर्सेनाल’ संस्थेनं त्याची डिजिटल प्रत केली म्हणून. निपाणीचा चित्रपट मला बर्लिनवाल्यांनी दाखवला. पाहताना मी एकेका चेहऱ्यावर थांबत होतो. संध्याकाळी आमच्या तव्यापुढं बसणारी ती बाई त्यात असेल, असं वाटत होतं. सापडली नाही. सापडली असती तरी मी तिला काय नावानं ओळखलं असतं? आम्ही तिला ‘भाकरीवाली’ म्हणायचो.

भाच्याला तो दाखवला. अर्ध्यावर त्यानं विचारलं, "मामा, हिरो कोण ह्यात?"

मी उत्तर दिलं नाही. त्याचं कॉलेज त्याला सुरी धरायला शिकवतं, सॉस शिकवतं, फ्रेंच नावं शिकवतं. कर्नाटकाचा दुकाने व आस्थापना कायदा १९६१ चा आहे: दिवसाला नऊ तास, आठवड्याला ४८ तास, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. हॉटेलांनाही तो लागू आहे. १० ऑक्टोबर २००६ पासून देशभर हॉटेलात, धाब्यावर चौदा वर्षांखालचं मूल कामाला ठेवणं गुन्हा आहे. म्हणजे माझ्यासारखा बारक्या आता बेकायदेशीर आहे, आणि याचा मला आनंद आहे. हे दोन नियम भाच्याला ठाऊक नव्हते. एस्कॉफिएच्या पाच मूळ सॉसची नावं मात्र त्यानं एका दमात सांगितली. पुढच्या उन्हाळ्यात तो गोव्याच्या हॉटेलात शिकाऊ म्हणून जाणार आहे. तिथं पहिल्या दिवशी त्याला काय म्हणून हाक मारतील, याची मी वाट बघतोय.

तुम्ही पुढच्या वेळी पुण्याहून बेळगावला येताना निपाणी-संकेश्वरच्या दरम्यान जेवायला थांबाल. पांढऱ्या रश्श्याची तारीफ जरूर करा. मग पाणी आणणाऱ्या सप्लायरला हळूच विचारा, सुट्टी कुठल्या वारी असते. मी नेहमी विचारतो. बहुतेक पोरं उत्तर द्यायच्या आधी गल्ल्याकडे बघतात.